डावा रकाना

आठ नंबरच्या गर्डरचं तापपत्रक उघडलं आणि ती खुर्चीत पुढे सरकली.

वरच्या कोपऱ्यात नंबर बरोबर होता, तारीख बरोबर होती, खाली सही तिचीच होती. घोळ मधल्या आकड्यांत होता. आठ नंबरचा गर्डर पुलाच्या उतरणीच्या वळणाचा, आणि पत्रकात आकडे बसले होते चढणीच्या वळणाचे. दोन्ही वळणं दिसायला सख्ख्या बहिणी, चढणीचं फक्त जरा जास्त आवळलेलं. चोवीस मीटरच्या गर्डरच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणला, तर उतरणीच्या गर्डरचा मध्य त्या दोऱ्यापासून साडेचारशे मिलिमीटर लांब पडायला हवा. चढणीच्या गर्डरचा चारशे ऐंशी. पत्रक सांगत होतं चारशे ऐंशी.

तारीख पुन्हा वाचली आणि सगळं आठवलं. तीन महिन्यांपूर्वी त्या दिवशी चिमणीला सणकून ताप होता. चिमणी म्हणजे तिची लेक, तेव्हा जेमतेम चौदा महिन्यांची. डाव्या खांद्यावर ते तापलेलं पोर आणि उजव्या हाताची दोन बोटं टाइप करणारी. जुनीच फाइल उघडून नंबर बदलला, तारीख बदलली, तेवढ्यात चिमणीने खांद्यावर ओकारी काढली. आकडे बदलायचे तसेच राहिले आणि पत्रक गेलं. एरवी ही बाई दाराची कडी दोनदा ओढून बघणारी, बाटलीतलं दूध मनगटावर तीनदा टाकून बघणारी. आणि चुकली ती एकदम तीस मिलिमीटरला. पुलावर तीस मिलिमीटर म्हणजे बोल्टची भोकं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवायची नाहीत.

तिचं काम होतं तापवलेलं लोखंड कसं वागेल ते कॉम्प्युटरवर आधी सांगायचं. पुलाला वळण असलं की गर्डरही वळणदार लागतो. तो आधी सरळच बांधतात: मध्ये उभा पत्रा, त्याच्या वर एक आडवा पट्टा, खाली एक आडवा पट्टा. मग दोन्ही पट्ट्यांची एकाच बाजूची कड गॅसच्या ज्योतीने या टोकापासून त्या टोकापर्यंत तापवत न्यायची. तापलेली कड फुगते, म्हणून गर्डर आधी रुसल्यासारखा उलटीकडेच जातो. पण शेजारचं थंड लोखंड त्या कडेला मनासारखं फुगू देत नाही, दाबून धरतं. मग निवताना ती कड होती त्याहूनही आखूड होते, आणि अख्खा गर्डर सावकाश तिच्या बाजूला वळतो. किती वळेल ते पट्ट्याच्या जाडीवर, ज्योतीच्या वेगावर आणि फेऱ्यांवर. हे सगळं तिने तिळाएवढ्या चौकोनांत चिरून कॉम्प्युटरमध्ये उभं केलं होतं. दोन वर्षं ती त्यातच होती. नवरा म्हणायचा, "बायकोला सवत असते ऐकलं होतं बुवा, नवऱ्याला सवत्या पहिल्यांदाच बघतोय."

प्रत्येक गर्डरचं एक पत्रक, पत्रकात दोन रकाने. डाव्या रकान्यात नऊ खुणांवरचा मॉडेलचा अंदाज छापलेला. उजवा रकाना रिकामा, गर्डर पुरता निवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष मोजून भरायचा. गेल्या दीड वर्षात दहा गर्डर झाले आणि दहाच्या दहा जुळले, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. त्या जोरावर साहेबांनी पंधरा दिवसांपूर्वी तिची पत्रकं कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यालाही पाठवली होती. आणि आता तिला अहवाल लिहायला सांगितला होता: यापुढे मोजत बसायची गरज नाही, पत्रक बघायचं आणि ज्योत लावायची. अहवालावर सही तिची हवी होती. त्यासाठीच ती दहा पत्रकं परत चाळत बसली होती.

उजव्या रकान्याकडे बघायला डोळे धजत नव्हते. शेवटी बघितलं. मधल्या खुणेवर लिहिलं होतं, ४७९.

"मेले मी," ती पुटपुटली.

म्हणजे शेडमधल्या माणसांनी तिच्या चुकीच्या पत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवला. म्हणजे नको इतका वळलेला गर्डर तीन महिन्यांपूर्वी पुलावर चढला. तिथल्या लोकांनी तो जॅक लावून, रेटून, दामटून बसवला असणार, आणि तो आता तिथे दात-ओठ खात उभा असणार, वरून गाड्या जायची वाट बघत. तिने लगेच पुलावरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"कोण, कॉम्प्युटरवाल्या मॅडम? बोला, बोला!"

"आठ नंबरचा गर्डर बसवताना काही त्रास झाला होता का हो?"

"आठ? थांबा हं." वहीची पानं उलटल्याचा आवाज. "छे हो! उलट आठ तर लोण्यासारखा बसला. बोल्ट हाताने आत गेले. का, काय झालं?"

"नक्की उतरणीवर बसवलात ना?"

"मॅडम, बाळाने झोपू दिलेलं दिसत नाही तुम्हाला. उतरणीचा गर्डर उतरणीवर नाही तर काय माझ्या घरावर बसवू?"

ती हसली. फोन ठेवला, घटाघटा पाणी प्यायली. सुटलो बाई, असं वाटलं. ते वाटणं अर्धा ग्लास संपेपर्यंत टिकलं.

बोल्ट हाताने आत गेले, म्हणजे गर्डर साडेचारशेच भरलेला होता. मग चारशे एकोणऐंशी हे माप आलं कुठून? चुकीच्या अंदाजाशी खरं माप जुळेलच कसं?

तिने ग्लास खाली ठेवला आणि दहाही पत्रकं टेबलावर पसरली. उजव्या रकान्यातलं अक्षर सगळीकडे एकच होतं, ठसठशीत, थोडं डावीकडे झुकलेलं. खडूमास्तरांचं.

खडूमास्तर म्हणजे शेडमधले ज्योतीवरचे मुख्य मिस्त्री. कानामागे कायम पांढरा खडू, म्हणून हे नाव. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. ती पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा बाकीचे बघून न बघितल्यासारखे करत होते. मास्तरांनी स्वतः स्टूल पुसून दिलं होतं. ती पोटुशी असताना तिला धुराजवळ फिरकू देत नसत. बाळंतपणाची रजा संपवून परत आल्यावर तर रोज पाच वाजले की दारात हजर: "बाई, निघा आता. पोर वाट बघत असेल. सकाळी मापाला धावत यायचं काही कारण नाही, आम्ही आहोत ना." ती घरी सांगायची, माझे वडील असते तर एवढंच केलं असतं त्यांनी.

ती शेडमध्ये गेली. अकरा नंबरचा गर्डर लोखंडी घोड्यांच्या आधारांवर चढवलेला होता. रुळावरच्या छोट्या गाडीला लावलेली ज्योत निळी, सुईसारखी, पट्ट्याच्या कडेने सावकाश सरकत होती आणि मास्तर तिच्याबरोबर एकेक पाऊल टाकत चालले होते. पलीकडे त्यांचा हेल्पर लंबू गॅसची नळी सोडवत होता.

"मास्तर, बोलायचंय."

"थांबा बाई. अर्ध्यात सोडता येत नाही."

ती थांबली. ज्योत टोकाला पोचली, गाडी मागे आणली गेली, मास्तरांनी कानामागचा खडू काढून उभ्या पत्र्यावर एक रेघ मारली. तिथे आधीच दोन रेघा होत्या. तिच्या पत्रकात अकरा नंबरला दोनच फेऱ्या होत्या. आणि गर्डर निवल्यावर पुढची फेरी मारायला गाडी परत सुरुवातीला लावली जात होती.

"ही चौथी फेरी का?" तिने विचारलं.

मास्तरांनी वळून बघितलं. इतक्या महिन्यांत तिने रेघा कधी मोजल्या नव्हत्या. कशाला मोजेल?

"लंबू, गॅस बंद कर," ते म्हणाले. "बोला बाई."

"आठ नंबरचं माप किती भरलं होतं?"

"तुमच्या पत्रकात आहे की."

"पत्रक चुकलं होतं, मास्तर. चूक माझी. मी चढणीचे आकडे छापले. गर्डर बसला साडेचारशेच्या जागी, आणि तुम्ही मोजलेत चारशे एकोणऐंशी."

लंबूला अचानक नळीला कुठे भोक आहे का ते बघायचं आठवलं.

"मग बरंच झालं की मी तुमचं ऐकलं नाही ते," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ऐकलं असतं तर आठ नंबर आज भंगारात असता. मी ड्रॉइंग बघतो, वळणाचा लाकडी फर्मा लावतो, कमी पडलं तर अजून एक फेरी मारतो. पस्तीस वर्षं असंच चाललंय."

"आणि माझं पत्रक?"

"ते भरतो ना. डावीकडचं बघून उजवीकडे." मग जरा हळू आवाजात, "एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे करायचे. नाहीतर खोटं वाटतं."

हे त्यांनी असं सांगितलं जसं कोणी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं.

"किती गर्डरचं असं केलंत?"

"सगळ्यांचंच."

"पहिल्याचं कसं? पहिल्याला मी समोर बसले होते. या इथे, स्टुलावर."

"होतात ना. तिथेच तर शिकलो." मास्तरांनी खडू बोटांत फिरवला. "पहिला तुमच्या पत्रकाप्रमाणेच तापवला होता, देवाशपथ. दोन फेऱ्या, तुम्ही म्हणाल तो वेग. सकाळी दोरा लावला. मी म्हटलं, चारशे बारा. तुम्ही म्हणालात, चुकलंय, परत मोजा. परत मोजलं. चारशे बारा. तुम्ही म्हणालात, मास्तर, दोरा सैल असणार, नीट ताणा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, चारशे एकोणपन्नास."

तिला ते आठवत होतं. नववा महिना लागला होता, वाकता येत नव्हतं. दोरा सैल असणार, हे तिने खरंच म्हटलं होतं. तिच्या डोक्यात तेव्हा माणसाचा हात चुकू शकत होता, मॉडेल नाही.

"तुम्ही अशा हसलात बाई, की काय सांगू. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शेडला केक आणलात. मग कोण कशाला तोंड उघडतो? तुम्ही गेल्यावर अजून फेऱ्या मारून आणला मी तो साडेचारशेवर. गर्डर कधी खोटा दिला नाही. गर्डरशी बेइमानी नाही केली."

"माझ्याशी केलीत."

मास्तरांनी खडू परत कानामागे ठेवला.

"दीड वर्ष, मास्तर. रोज मला तोंडावर सांगत होतात, बाई, तुमचा कॉम्प्युटर काय सोन्यासारखा चालतो. मी घरी जाऊन ते नवऱ्याला सांगत होते. आईला फोन करून सांगत होते."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"आणि पाच वाजता घरी पाठवत होतात ते?"

"ते खरं होतं." त्यांनी पंख्याकडे बघितलं. "अर्धं खरं होतं."

आता तिला सगळं उलटं दिसायला लागलं. लंबू रोज सकाळी विचारायचा, "बाई, कॉम्प्युटरला विचारून सांगा ना, आज डब्यात काय असेल?" आणि सगळी शेड खो खो हसायची. त्यात सगळ्यात मोठ्याने हसणारी तीच. तिला वाटायचं, आपण आता यांच्यातल्या झालो. यांच्यातली ती एकटीच होती जिला काही माहीत नव्हतं.

"खरी मापं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"माझ्या वहीत."

"ती द्या. फेऱ्या, वेग, मापं, सगळं असेल त्यात. त्यावरून मला मॉडेल दुरुस्त करता येईल. आत्ता, या महिन्यात."

मास्तरांचा हात नकळत छातीवरच्या खिशाकडे गेला. "ती नाही देणार."

"का?"

"ती तुम्ही कॉम्प्युटरमध्ये घातलीत की माझं काय काम उरलं, बाई?"

म्हणजे वाईट वाटू नये वगैरे नव्हतंच. किंवा तेही असेल, अर्धं. लंबूसमोर तिला रडायचं नव्हतं.

ती जिना चढून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. साहेब चष्मा कपाळावर चढवून फोनवर बोलत होते. तिने दार लावलं तसा त्यांनी फोन आवरता घेतला.

"झाला का अहवाल?"

"साहेब, मॉडेल कधी तपासलंच गेलेलं नाही. मास्तर डाव्या रकान्यातले आकडे उजवीकडे उतरवत होते. दहाच्या दहा. पहिल्याच गर्डरला मॉडेल अडतीस मिलिमीटरने चुकलं होतं."

तिला वाटलं, साहेब ताडकन उठतील. साहेबांनी चष्मा नाकावर घेतला, एवढंच.

"हं. मग?"

"मग काय, साहेब? तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"शेडमध्ये काय चालतं ते मला माहीत नसेल तर मी इथे खुर्ची गरम करायला बसलोय का? बसा. अहो, बसा तरी." त्यांनी तिच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "हे बघा, कामाच्या निविदेत एक ओळ लागते. वळण संगणकावर तपासलेलं आहे, अशी. तुमची ती लाल-पिवळी चित्रं बघून समोरचा माणूस खूश होतो. आपल्याला काम मिळतं. मास्तर गर्डर बरोबर करतो. तुमचा पगार होतो. यात कोणाचं वाकडं झालं, सांगा."

"दोन वर्षं मी चित्रं काढत होते?"

"छान काढता."

चिमणी सहा महिन्यांची होती तेव्हा तिला पाळणाघरात ठेवून, दाराआडून तिचं रडणं ऐकत, पाठ फिरवून ती इथे यायची. लोखंडाची दोन हजार चौकोनांची कड आठ हजारांची करायला. छान काढता.

"दुसऱ्या कारखान्याचं काय? त्यांच्याकडे पत्रकं गेलीत माझी."

"त्यांच्याकडेही कोणीतरी मास्तर असेलच की. मास्तर सगळीकडे असतात." साहेब हसले. "अहवाल लिहा. मोजमाप बंद म्हणजे कागदावर बंद. घाबरू नका."

"मी सही करणार नाही."

"लहान मूल आहे तुम्हाला," साहेब अगदी मायेने म्हणाले. "आज जरा लवकर घरी जा. डोकं शांत करा. उद्या बोलू."

आपल्या टेबलाशी येऊन तिने आधी अहवालाची फाइल बंद केली. मग दुसऱ्या कारखान्याचा नंबर शोधला. तिथे पत्रकांचं काम बघणारी एक इंजिनिअर होती, नुकतीच लागलेली. मेलवर तिचे दोन-तीन प्रश्न येऊन गेले होते, फार नम्र.

"ताई! तुम्ही स्वतः फोन केलात!" पलीकडून आवाज आला. "तुम्हाला कळवणारच होते. काल पहिला गर्डर झाला आमचा. बरोब्बर जुळला. एका मिलिमीटरचा फरक."

"कोणी मोजला?"

"मोजला म्हणजे..." आवाज थोडा खाली आला. "तुम्हीच सांगितलंय ना तसं, ताई?"

"मी काय सांगितलंय?"

"डावीकडचे आकडे उजवीकडे उतरवायचे म्हणून. तुमच्या साहेबांच्या पत्रात आहे. थांबा, वाचते. 'मॉडेल तयार करणाऱ्या इंजिनिअरच्या सूचनेनुसार.' मला जरा विचित्र वाटलं होतं. पण म्हटलं, एवढ्या शिकलेल्या, अनुभवी, काहीतरी कारण असेल. चुकलं का काही?"

मास्तरांनी तिला फसवलं होतं, साहेबांनी वापरलं होतं, इथवर ती पोचली होती. आता कळलं की बाहेर, जिथे तिला कोणी बघितलंसुद्धा नाही, तिथे फसवणारी तीच होती. तिच्या नावाने, तिच्या सहीखाली.

"ताई? आहात ना?"

"आहे. मला सांग, तुमच्याकडे फेऱ्या किती मारल्या?"

"दोन. पत्रकात दोनच आहेत ना. आमचे फोरमन नवीन आहेत, ते पत्रकाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. उद्या सकाळी गर्डर ट्रेलरवर चढतोय, पुलाकडे जायला."

दोन वर्षांत तिचं तंतोतंत ऐकणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो खड्ड्यात गेला होता.

"तो गर्डर हलवू नका," ती म्हणाली. "मी सांगते ते कर. आत्ता खाली जा. दोन्ही टोकांना दोरा बांध, दुसऱ्याला धरायला देऊ नकोस, बांध. आणि मध्यावर स्वतः पट्टी लाव. पत्रक बरोबर नेऊ नकोस. मी फोन धरते."

फोनमधून जिना उतरल्याचे आवाज आले, मग कोणाची तरी कुरकुर, "आता परत कशाला?", मग लोखंडावर काहीतरी ठोकल्याचे आवाज. बराच वेळ गेला. कंटाळून फोन बंद होईल की काय या भीतीने ती मध्येमध्ये पडद्यावर बोट लावत राहिली.

"ताई." श्वास लागलेला. "हा एकेचाळीस मिलिमीटर कमी भरतोय. असं कसं? परत मोजू का?"

"नको. जे दिसलं ते लिही. तुझ्या अक्षरात, वेळ घालून."

"मग आता? वाया गेला का?"

"कमी वळलाय, म्हणून वाचला. अजून तापवावा लागेल." किती, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या मॉडेलला तर अजिबातच माहीत नव्हतं. माहीत असणारा माणूस एकच होता. ती फोन कानाला तसाच धरून खाली शेडमध्ये गेली आणि मास्तरांसमोर फोन पुढे केला.

"दुसऱ्या कारखान्याचा गर्डर एकेचाळीस कमी आहे. माझ्या पत्रकामुळे. त्यांना सांगा काय करायचं ते."

मास्तरांनी हात पुसून फोन घेतला. पट्टा किती जाड, काल निवायला किती वेळ दिला, ज्योत किती मोठी, असं एकेक विचारलं. वही काढली नाही. डोळे मिटून क्षणभर हिशोब केला. "दोन फेऱ्या अजून. वेग आधीचाच. पण एक मारली की पुरतं निवू द्यायचं, मग दुसरी. घाई केलीस तर कड करपेल, पोरी." आवाजात तीच माया होती जी तिला रोज पाच वाजता घरी पाठवायची.

फोन परत देताना ते म्हणाले, "रागावलात, बाई?"

तिने फोन ओढणीला पुसला आणि वर निघून गेली.

पत्र लिहायला तिला वीस मिनिटं लागली. पहिलं वाक्य स्वतःबद्दल लिहिलं: पहिल्या गर्डरचं खरं माप मला सांगितलं गेलं होतं, मी ते मानलं नाही. मग बाकीचं. दहाही पत्रकांतली उजव्या रकान्यातली मापं मोजलेली नाहीत. डावीकडचे आकडे उजवीकडे उतरवण्याची सूचना मी कधीही, कोणालाही दिलेली नाही. ही पत्रकं कोणीही वापरू नयेत. मास्तरांचं लिहावं की नाही यावर बोटं थोडा वेळ अडली. मग तेही लिहिलं, आणि त्यांच्याकडे खरी मापं आहेत, हेही. वर दोन्ही कारखान्यांची नावं घातली, साहेबांचं घातलं, आणि पूल ज्यांचा आहे त्यांच्या तपासनीसाचं. पाठवायच्या आधी प्रत्येक ओळ तीनदा वाचली. मग पाठवलं.

पाच वाजले होते. आज दारात कोणी आलं नाही.

फोन वाजला. नवरा होता. मागे चिमणी कशावर तरी चमचा बडवत होती.

"उठली गं तुझी लेक. किती वाजता येतेस?"

"निघालेच. उद्यापासून बहुतेक घरीच असेन."

"अरे वा! साहेब एवढे उदार झाले?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण पलीकडे चिमणीने फोन हिसकावून घेतला होता आणि ती काहीबाही जोरजोरात सांगत होती, म्हणून इकडे आई नुसतीच "हो का, हो का" म्हणत पर्समध्ये टेबलावरचं आपलं सामान भरत राहिली.